कोंड्याचा मांडा आणि दाण्यांचा हिशेब

‘कोंड्याचा मांडा करणे’ हा वाक्प्रचार मराठी माणूस कौतुकानेच वापरतो. घरात दाणे नसताना उरल्यासुरल्या कोंड्यातून जी बाई ताटात मांड्यासारखे काही वाढते, तिला सुगरण म्हणण्याची आपली रीत आहे. या वाक्प्रचारात दडलेला एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. घरात कोंडा उरला याचा अर्थ धान्य कधी तरी तेथे होते. मग दाणे कोठे गेले? ते कोणी नेले, कोणत्या भावाने नेले आणि त्यांच्या बदल्यात घरात काय आले? वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या व शेतमजुराच्या स्वयंपाकघराबद्दल आज जे लिहिले-बोलले जाते, ते सारे मांड्याच्या कौतुकापाशी थांबते. दाण्यांच्या हिशेबापर्यंत ते जात नाही, आणि न जाण्यातच अनेकांचे हित आहे.

हे कौतुक अनेक रूपांनी चालते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या कमी साहित्यात, एकाच भांड्यात होणाऱ्या पदार्थांची वर्णने छापतात. मोबाइलच्या पडद्यावर चुलीपुढे बसलेली आजी आणि तिच्या हातची भाकर हजारो लोक घरबसल्या पाहतात. महामार्गावरील धाब्यांवर झुणका, ठेचा आणि वांग्याचे भरीत ‘गावरान थाळी’ म्हणून शहरी भावाने विकले जाते. पोषणाचा सरकारी महिना आला की अधिकारी गावात येतात आणि हाताशी असेल त्या साहित्यातून सकस आहार कसा करावा यावर व्याख्यान देतात. तेही अशा बायकांपुढे, की ज्यांनी जन्मभर दुसरे काही केलेलेच नाही. या सर्वांचा सूर एकच असतो: थोडी कल्पकता असली तर गरिबाच्या घरीही उत्तम जेवण होऊ शकते. हे विधान खोटे नाही, ते अर्धे आहे. आणि त्याचा उरलेला अर्धा भाग मजुरीचा, रेशनचा आणि पीकपद्धतीचा आहे.

प्रथम त्या कल्पकतेला तिचे योग्य श्रेय दिले पाहिजे. वऱ्हाडचे साधे जेवण म्हणजे अडाणी सवयींचा गोळा नव्हे. भांडी, सरपण, तेल आणि वेळ या चार टंचाईंवर पिढ्यान्‌पिढ्या शोधलेली ती उत्तरे आहेत. भाकरीला पोळपाट-लाटणे लागत नाही, तेलही लागत नाही. एक परात, एक तवा आणि सरावलेला हात पुरतो. ज्वारीच्या कण्या एकाच भांड्यात शिजतात आणि ताक असले तर वेगळे कालवण लागत नाही. वांगे निखाऱ्यावर भाजले की भरताला चुलीवर भांडे चढवावे लागत नाही. शेतात तवा नसला तर कणकेचा गोळा पळसाच्या पानांत थापून गोवऱ्यांच्या आरावर ठेवतात व त्याचे पानगे होतात. नवसाच्या पंगतीत मानाने वाढले जाणारे रोडगेही असेच आरात भाजले जातात; शेकडो माणसांचे जेवण मोठ्या भट्टीवाचून व तव्यांवाचून उरकण्याची ती युक्ती आहे. कणीक भाजून, कांद्या-मिरचीची फोडणी देऊन उकरपेंडी केली की भाजी आणि पोळी ही दोन्ही कामे एका कढईत संपतात. चकोल्यांत तर वरण आणि पोळी एकत्रच शिजते.

यांत बेसनाचे उदाहरण विशेष बोलके आहे. इतरत्र ज्याला पिठले म्हणतात त्याला वऱ्हाडात बेसन म्हणतात. गरिबाच्या घरी वरणापेक्षा बेसनच अधिक वेळा का होते, याचे उत्तर आवडीनिवडीत नाही, सरपणात आहे. तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो. हरभऱ्याचे पीठ उकळत्या पाण्यात काही मिनिटांत शिजते. त्यात भर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील कित्येक गावांत विहिरीचे पाणी खारे आणि जड आहे. जड पाण्यातील कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या पेशींना सांधणारा पदार्थ घट्ट करतात. मग डाळ कितीही वेळ ठेवली तरी कणी राहते. जेथे नळाचे गोडे पाणी पोहोचत नाही किंवा रोज येत नाही, तेथे शेतात तूर पिकूनही ती शिजवणे महाग पडते. तेथील बाई चुलीवर बेसन टाकते तेव्हा ती इंधन, पाणी आणि वेळ यांचा मेळ घालीत असते. मंत्रालयातील अर्थतज्ज्ञ याहून काटेकोर हिशेब क्वचितच करीत असतील.

परंतु कोणत्याही कौशल्याला कच्चा माल लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? वऱ्हाडी बाईची हिकमत शेतातील विविधतेच्या आधारावर उभी होती. कपाशीच्या ओळींमध्ये तूर असे. ज्वारीबरोबर मूग, उडीद, बरबटी असत. धुऱ्यावर आंबाडी असे. तिची पाने भाजीला येत आणि वाखाचे दोर होत. पावसाळ्यात तरोटा, चिवळ, घोळ, केना या भाज्या कोणी पेरीत नसे. त्या निंदणाऱ्या बाईच्या ओट्यातून घरी येत. सोंगणी-खुडणीच्या मजुरीचा काही भाग धान्यातच मिळे. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणण्याचे कारण नाही. तिच्यात जातीची उतरंड होती, सालदाराची वेठ होती, अर्धपोटी महिने होते. तथापि त्या अन्यायी व्यवस्थेतही चुलीच्या आसपास दहा जिन्नस होते, म्हणून त्यांतून दोन निवडून जेवण जुळवता येत होते. आज बाईची हिकमत कायम आहे. ते दहा जिन्नस मात्र गेले.

ते एका दिवसात गेले नाहीत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्या गिरण्यांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. त्याच दशकात वऱ्हाडात रेल्वे आली. ती वऱ्हाडी माणसाला धान्य पुरविण्यासाठी आलेली नव्हती. येथील गाठी मुंबईच्या बंदरावर नेण्यासाठी आली होती. कापसाला दर होता तोवर या प्रदेशाला समृद्ध म्हटले गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी त्या समृद्धीचे खरे स्वरूप उघडे पाडले. ज्याने धान्याची जमीन कापसाखाली घातली त्याला धान्य बाजारातून घेणे भाग होते. ज्या वर्षी पीकही गेले आणि मजुरीही गेली, त्या वर्षी बाजारातील धान्यावर त्याचा काहीच हक्क उरला नाही. उपासमार ही धान्याच्या अभावापेक्षा धान्यावरील हक्काच्या अभावाने होते, हा सिद्धान्त प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली सविस्तर मांडला. वऱ्हाडच्या कुणब्याला आणि महाराला तो त्यापूर्वी ऐंशी वर्षे अनुभवाने ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतर पिके बदलली. पिकाचे आणि चुलीचे नाते मात्र बदलले नाही. १९९० नंतर सोयाबीनने ज्वारी, मूग आणि उडीद यांची जागा झपाट्याने घेतली. शेतकऱ्याने हे मूर्खपणाने केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्वारीला दर नव्हता, पाखरे आणि रानडुकरे पीक हाती लागू देत नव्हती. सोयाबीन मात्र साडेतीन महिन्यांत रोख पैसा देत होते. पण सोयाबीन वऱ्हाडी चुलीवर चढत नाही. ते तेलाच्या कारखान्यात जाते, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि परदेशी जाते, आणि ज्याने ते पिकवले तो आठवडी बाजारातून तेलाची लहान पिशवी विकत आणतो. तणनाशकाने निंदणाचा खर्च वाचवला. त्याबरोबर निंदणाऱ्या बाईचा रोजही गेला आणि तिच्या ओट्यातील भाजीही गेली. राहिली ती तूर. पण कर्जाचा तगादा असलेल्या घरात तीही खळ्यावरूनच बाजार समितीत पोहोचते. दारात पिकते ते ताटात येत नाही, अशा घरातील बाईला ‘उपलब्ध साहित्यातून’ सकस स्वयंपाक करण्याचा उपदेश करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

येथे राज्यसंस्थेचे कर्तव्य सुरू होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य विनामूल्य झाले. हा कायदा लोकांनी झगडून मिळवलेला आहे आणि त्याचे मोल कमी लेखता कामा नये. पण कायद्यात भरड धान्याचा उल्लेख असूनही वऱ्हाडच्या रेशन दुकानातून प्रामुख्याने गहू आणि तांदूळच मिळत आला. ज्वारी आली तर अपवादाने. डाळ आणि तेल यांचा तर या हक्कात समावेशच नाही. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तेथे ज्वारीवर संशोधन होते; आणि त्याच जिल्ह्यातील गरिबाला ज्वारीची भाकर परवडेनाशी झाली आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ अशी पदवी मिळाली, आणि शहरातील मधुमेहींच्या ताटात तिला मानाचे स्थान लाभले. ज्या मजुराच्या ताटातून ती उठली, त्याच्या ताटात ती परत आली की नाही याची चौकशी त्या वर्षाच्या समारंभांत फारशी झाली नाही.

त्याहून गंभीर गोष्ट शेतकरी कुटुंबांच्या रेशनची आहे. आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदलेल्या १४ जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला आहेत. या जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकेच्या, अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत न बसलेल्या शेतकरी कुटुंबांना राज्य सरकारने २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य त्याच सवलतीच्या दराने सुरू केले. आत्महत्यांच्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसे नव्हते, तरी ते उत्तर होते. पोते घरात येत होते. २०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेचे धान्य मिळणे थांबले. २०२३ पासून राज्याने धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँकेच्या खात्यात भरण्याचे ठरवले, आणि २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये केली.

या १७० रुपयांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दिवसाला माणशी पावणेसहा रुपयेही होत नाहीत. पाच किलोंस ही रक्कम वाटली तर किलोला ३४ रुपये पडतात. त्यात गहू कसाबसा येईल, दळणाचे पैसे निराळे. पाच किलो धान्य महिन्यास म्हणजे दिवसास १६७ ग्रॅम. त्यांतून साडेपाचशेच्या आसपास उष्मांक मिळतात. किमान वेतनासाठी १९५७ साली स्वीकारलेले माप प्रौढ श्रमिकाला दिवसाला २,७०० उष्मांकांचे आहे. म्हणजे ही मदत त्या मापाच्या सुमारे पाचव्या हिश्शाची. आता याच सरकारचा दुसरा दर पाहावा. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. त्या थाळीची किंमत सरकारने स्वतःच ग्रामीण भागात ३५ रुपये व शहरात ५० रुपये धरली. खाणाऱ्याकडून १० रुपये घेऊन बाकीचे सरकारने भरावयाचे होते. म्हणजे साध्यात साध्या एका जेवणाचा खर्च सरकारी हिशेबानेच खेड्यात ३५ रुपये आहे. त्या दराने १७० रुपयांत महिन्याची पाच जेवणेही होत नाहीत. उरलेली पंचावन्न जेवणे कोणी करावयाची? वऱ्हाडच्या बाईने. कशातून? कल्पकतेतून.

रोख रकमेच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पैसे दिले की कुटुंबाला निवड करता येते. रेशन दुकानातील माती-खडे, कमी माप आणि दुकानदाराची मर्जी यांतून सुटका होते. यात तथ्य आहे. परंतु निवड ही बाजारात काय आहे आणि कोणत्या दराने आहे, यावर ठरते. महागाई वाढली की धान्याचे पाच किलो पाचच राहतात. १७० रुपयांचे मात्र चार किलो, मग तीन किलो होतात. शिवाय पोते स्वयंपाकघरात येते, तर रक्कम खात्यात येते. आणि कर्जबाजारी घरात खात्यातील रकमेवर पहिला डोळा सावकाराचा किंवा कृषी सेवा केंद्राच्या उधारीचा असतो. रोख रकमेचे समर्थन करणाऱ्यांनी ती रक्कम धान्याच्या बाजारभावाशी जोडण्याची मागणी केली असती तर त्यांचा प्रामाणिकपणा मान्य करता आला असता. ती मागणी त्यांनी केलेली नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक जुना हिशेब आहे. १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाची सूत्रे ठरवली. कामगाराच्या कुटुंबाची तीन मापे धरली. पुरुषाचे १, स्त्रीचे ०.८, दोन मुलांचे प्रत्येकी ०.६ अशी त्यांची फोड केली जाते. अन्नासाठी डॉ. ॲक्रॉइड यांचे उष्मांकांचे माप घेतले. इंधन, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के धरले. त्या काळी हे सूत्र पुरोगामी होते आणि आजही शेतमजुराला त्याप्रमाणे वेतन मिळाले तर बरेच साधेल. परंतु त्यात एक मोठी रिकामी जागा आहे. २,७०० उष्मांकांचे धान्य घरात आले की ते आपोआप ताटात पडते, असे त्या सूत्राने गृहीत धरले. निवडणे, दळून आणणे, पाणी भरणे, सरपण आणणे, थापणे, शिजवणे, भांडी घासणे या श्रमांना त्यात शून्य किंमत आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातील रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला. पुरुषांचा ९७ मिनिटे. वऱ्हाडातील वेचणीच्या हंगामात बाई दिवस उजाडताच शेतात असते. तिची ही पाच तासांची दुसरी पाळी पहाटेपूर्वी आणि दिवेलागणीनंतर भरते. कापसाचा दर, गिरणीचा नफा आणि मजुरीचा आकडा हे तिघेही या फुकटच्या पाळीवर उभे आहेत. कमी साहित्यात, कमी भांड्यांत, झटपट जेवण करण्याच्या कौशल्यामुळेच मजुरी इतकी कमी ठेवता येते, हे सत्य पाककृतींच्या पुरवणीत छापले जात नाही.

इंधनाचीही तीच गत. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत प्रथमच शेगडी आली. धुरातून सुटका करण्याचा तो प्रयत्न स्वागतार्हच होता. पण जोडणी एकदाच घ्यावयाची असते आणि टाकी पुन्हापुन्हा. २०२२ च्या मेमध्ये टाकीमागे २०० रुपयांची आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ३०० रुपयांची सवलत द्यावी लागली, यातच गरिबाला टाकी भरणे झेपत नव्हते याची कबुली आहे. म्हणून शेगडी फडताळावर झाकून ठेवलेली आणि खाली पऱ्हाट्या पेटलेल्या, हे दृश्य वऱ्हाडात नवे नाही. दिवाळीनंतर मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरातून, कोरकू कुटुंबे कामासाठी खालच्या मैदानात उतरतात. त्यांचे स्वयंपाकघर एका बोचक्यात मावते: एक पातेले, एक तवा, पाण्याचा डबा. तीन दगड शेताच्या कडेला सापडतात. तेथे शेगडीही नाही आणि गावचे रेशन दुकान डोंगरावर राहिलेले. त्यांच्या मुलांच्या कुपोषणावर १९९० च्या दशकापासून अहवाल निघत आले आहेत. पण बोचक्यातील त्या एका पातेल्यात काय पडते हे मुख्यतः मजुरीवर ठरते, आणि अहवालाने मजुरी वाढत नाही.

काटकसरीचे समर्थक अशा वेळी गाडगेबाबांचा दाखला देतात. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या महापुरुषाची सारी भांडीकुंडी म्हणजे एक फुटके गाडगे. त्यातच ते खात, तेच त्यांचे नाव झाले. म्हणून गरिबाने एका गाडग्यात सुख मानावे, असा निष्कर्ष काढणे हा त्यांच्या जीवनाचा विपर्यास आहे. बाबांनी ते दारिद्र्य स्वेच्छेने पत्करले. इतरांसाठी मात्र त्यांनी धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालवली आणि भुकेल्याला अन्न हाच धर्म सांगितला. जेवणाचे ताट विकावे लागले तरी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलांना शाळेत घाला, असे ते कीर्तनातून बजावीत. ताट विकण्याची ती सूचना मुलाच्या शिक्षणासाठी, म्हणजे त्या दारिद्र्यातून बाहेर पडण्यासाठी होती. तशाच दारिद्र्यात समाधान मानण्यासाठी नव्हती.

वऱ्हाडने त्यांचे ऐकले. आईबापांनी ताटे विकली, काहींनी वावरे विकली, आणि मुले अमरावती-अकोल्याला शिकायला आली. बाबांच्या नावाचे विद्यापीठ अमरावतीत आहे. त्याच शहरात स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली एका खोलीत तिघे-चौघे राहतात. विजेची एक शेगडी, एक कुकर, दोन ताटल्या. सकाळी खिचडी, रात्री उरलेली खिचडी किंवा अंडी. घरमालकाला विजेचे बिल वाढलेले चालत नाही, म्हणून शेगडी लपवून ठेवावी लागते. ज्यांचे गाव जवळ आहे त्यांच्यासाठी आई पहाटे उठून भाकर-भाजी बांधते आणि एसटीच्या गाडीवर डबा पाठवते. म्हणजे घरापासून कित्येक मैल दूर असलेल्या मुलाचे उच्चशिक्षणही अखेर त्याच बाईच्या पाचव्या तासावर चालले आहे. वसतिगृहे अपुरी ठेवायची, त्यांच्या भोजनालयांचे अनुदान रखडवायचे, आणि खोलीवरच्या एका कुकरात मुले काय काय करतात याचे कौतुक करायचे, हा प्रकार शिक्षणाचे सार्वत्रिकीकरण या शब्दाची थट्टा करणारा आहे.

या प्रश्नावर राजकारणाने आजवर थाळीचे उत्तर दिले. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली; अनेक केंद्रांवर काही वर्षांतच झुणका-भाकर सोडून बाकी सर्व मिळू लागले आणि पुढच्या सरकारने योजना गुंडाळली. त्यानंतर शिवभोजन आले. भुकेल्याला थाळी मिळणे वाईट नाही; टाळेबंदीच्या काळात तिचा आधार अनेकांना झाला. परंतु थाळी ही सरकारच्या मर्जीची वस्तू आहे, ती हक्काची झालेली नाही. आणि ती शिजवणारी बाई पुन्हा तीच. शाळेतील खिचडी शिजवणाऱ्या स्त्रीसाठी केंद्राने २००९ मध्ये दरमहा १,००० रुपये ‘मानधन’ ठरवले. राज्याने त्यात भर घातली, तरी त्याला वेतन म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा लागू होतो. मानधन म्हटले की तिच्या सुगरणपणाचे आभार मानून भागते.

महाराष्ट्राला याहून वेगळा मार्ग ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार समिती उभारली. मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. रव्यावाचून, तेलावाचून दिवाळी कशी साजरी करावी याच्या युक्त्या त्या एकमेकींना सांगत बसल्या नाहीत. तेल कोठे दडवले आहे ते बाहेर काढा, असे त्यांनी सरकारला सुनावले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. तेव्हा घरगुती स्वयंपाक हे श्रम आहे, त्याला भांडवल मिळाले पाहिजे आणि त्याची किंमत झाली पाहिजे, हे व्यवहारात सिद्ध झाले. ग्रामीण महाराष्ट्रात त्याच दुष्काळातून रोजगार हमीचा हक्क आला व १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या पिढीने टंचाईशी जुळवून घेण्याऐवजी टंचाईला जबाबदार कोण, हे विचारले.

वऱ्हाडच्या चुलीसाठी आज मागण्या साध्या आहेत. अमरावती व अकोल्यासह चौदाही जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना पाच किलो धान्य पुन्हा मिळावे आणि त्यात ज्वारी असावी. ती येथील शेतकऱ्याकडूनच हमीभावाने खरेदी करावी, म्हणजे ज्वारी पेरण्याला त्याला कारण राहील. रेशनमध्ये तूरडाळ आणि तेल यांचा हक्क असावा. रोख रक्कमच द्यावयाची असेल तर सरकारने स्वतः ठरवलेल्या थाळीच्या दराशी ती जोडावी. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांना ते असतील तेथे धान्य मिळण्याची सोय कागदावर आहे. ती वीटभट्टीपर्यंत आणि शेताच्या धुऱ्यापर्यंत पोहोचवावी. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहे आणि भोजनालये वाढवावीत; आणि शाळा, अंगणवाडी, भोजनालय यांत शिजवणाऱ्या स्त्रीला किमान वेतन द्यावे. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. त्यांतील काही तर सरकारच्याच कायद्यांत आणि निर्णयांत आधीपासून लिहिलेल्या आहेत.

हे सर्व झाले तरी वऱ्हाडी बाई बेसनच करील, ठेचाच वाटील, आवडीने पानगे भाजील; आणि तिने ते करावे. फरक इतकाच, की त्या दिवशी तिच्या फडताळात डाळही असेल आणि बेसन ही तिची निवड असेल. तोवर तिच्या कोंड्याच्या मांड्याची वाहवा करणाऱ्या प्रत्येकाला गावाने एकच प्रश्न करावा: बाबा रे, मांडा चांगला झाला हे खरे, पण दाणे कोठे आहेत?